बोअरमध्ये सोडलेली सळई काय बघते, आणि कॉम्प्युटर काय ठरवतो?

(नोव्हेंबर १९९८ मध्ये दादरला झालेल्या बैठकीत आम्ही अभ्यास गटाच्या वतीने जे बोललो, ते इथे थोडं नीट करून देत आहोत. ज्या गावांतून कुणी येऊ शकलं नाही तिथे हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावं. मध्ये थांबून प्रश्न विचारू द्यावेत.)



तुम्ही रात्रभर रेल्वेत बसून, काही जण तर दाराशी उभे राहून, इथवर आलात. दादर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ६ डिसेंबरमुळे माहीत आहे, नाहीतर गाडी बदलायचं स्टेशन म्हणून. आज रविवार म्हणून शाळेची ही खोली मिळाली. खाली बाजाराचा गलका आहे, तेव्हा मागे ऐकू आलं नाही तर हात वर करा.

आजचा विषय आम्ही ठरवलेला नाही. मागच्या शिबिरात एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला विचारलं होतं, "तुमचे लोक माझ्या धुऱ्याशी भोक पाडून गेले. मग एक गाडी आली, तारेला बांधून लोखंडाची सळई आत सोडली, मशीनमधून कागद निघाला, तो गुंडाळून ते निघून गेले. त्या कागदात माझ्या वावराचं काय लिहिलं?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. आणि 'तुमचे लोक' हा शब्द आम्हाला लागला. शिकलेले, शहरातले, कागद वाचता येणारे ते सगळे आमचे. म्हणजे तो कागद वाचून दाखवायची जबाबदारीही आमचीच.

तेव्हापासून आम्ही या कामाला लागलो. आमच्यात एक जण कॉलेजात फिजिक्स शिकवतात, एक बाई कॉम्प्युटरचं काम करतात, एक वकिली करतात. आणि एक साथी स्वतः बारा वर्षं अशाच गाडीवर होते, सळई सोडायचं काम करत होते. ते आम्हाला म्हणाले, "बारा वर्षांत मी शेकडो भोकांचे कागद काढले. ज्याचं वावर होतं त्याला एकदाही दाखवले नाहीत. कुणी तसं सांगितलंही नाही, आणि मलाही सुचलं नाही." आज आपण बोलतो आहोत ते या न दाखवलेल्या कागदाबद्दल.

सळई काय करते?

पहिली गोष्ट, ही सळई जमिनीत काही टाकत नाही. ती ऐकते. प्रत्येक दगडात, मातीत, तुमच्या-आमच्या हाडांतसुद्धा थोडे किरण निघणारे पदार्थ असतातच. पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम ही त्यांची तीन मुख्य घराणी. त्यांच्यातून जे किरण निघतात त्यांतल्या एका जातीला गॅमा किरण म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण दगडातून थोडं अंतर आरपार जातात. सळईच्या पोटात एक खास स्फटिक असतो. त्याच्यावर गॅमा किरण आदळला की बारीकशी चमक होते. यंत्र त्या चमका मोजतं. एका सेकंदाला किती चमका झाल्या, तो आकडा तारेतून वर गाडीत येतो. सळई भोकाच्या तळापासून हळूहळू वर ओढतात आणि कागदावर नागमोडी रेघ उमटत जाते. ती रेघ म्हणजे तो कागद.

आता कोणता दगड किती बोलतो ते ठरलेलं आहे. चिकणमातीचा दगड जास्त बोलतो, वाळूचा दगड बहुतेक वेळा कमी. कोळसा जवळजवळ गप्प असतो. आपल्याकडचा काळा कातळ मंद बोलतो, आणि त्याच्या खालचा ग्रॅनाइट मोठ्याने. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल भोक घेतलं. काळा कातळ ३३८ मीटरवर संपला आणि खाली जुना खडक लागला. म्हणजे प्रत्येक भोक खाणीसाठीच असतं असं नाही. पण वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर, राजुरा, वणीकडे जी भोकं पडतात ती बहुतांश कोळशासाठी असतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

रातकिड्यांचा हिशोब

कागदावरची रेघ म्हणजे जमिनीचा फोटो, असं साहेब लोक बोलतात. तो फोटो नाही. का नाही ते बघू.

पावसाळ्यात रात्री जंगलातून चालताना दोन्ही बाजूंनी रातकिडे ओरडत असतात. मध्येच एखादा तुकडा असा येतो की तिथे एकही किडा नाही. पण तुम्ही त्या तुकड्यात पाऊल टाकल्याबरोबर आवाज बंद होतो का? नाही. मागच्या किड्यांचा आवाज काही पावलं येत राहतो. मग शांत होतं. आणि तुकडा संपायच्या आधीच पुढच्यांचा आवाज सुरू होतो. गप्प तुकडा दहा पावलांचा असेल तर सहजच कळतो. पण दोनच पावलांचा असला तर? दोन्हीकडच्या आवाजाने तो भरून जातो, थोडं कमी ऐकू आलं एवढंच वाटतं.

सळईचं अगदी असंच होतं. कोळशाचा थर गप्प, वरखालची चिकणमाती बोलणारी. सळईला साधारण एका हाताच्या आतलं, म्हणजे फूटभर अंतरावरचं ऐकू येतं. त्यामुळे जाड थर नीट कळतो, पण पातळ थराच्या कडा पुसट होतात. दोन थरांच्या मध्ये मातीचा पातळ पट्टा असेल तर तो किती जाड, कोळसा किती आणि माती किती, हे नुसत्या रेघेवरून सांगता येत नाही. युरेनियमचं याच्या उलट. तिथे गप्प जागा शोधायची नसते, जास्त ओरडणारी शोधायची असते. पण घोटाळा तोच. जाड पण हलका थर आणि पातळ पण दमदार थर, दोघांची रेघ जवळजवळ सारखी दिसू शकते.

कॉम्प्युटर इथे येतो

हा गुंता सोडवायला कॉम्प्युटर लावतात. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पठारावर युरेनियम शोधताना तिथल्या अणुऊर्जा खात्याच्या लोकांनी याची पद्धत बसवली. स्कॉट नावाच्या तंत्रज्ञाने १९६३ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. पद्धत समजायला सोपी आहे. सगळं भोक अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत वाटलेलं आहे असं धरायचं. प्रत्येक थराला अंदाजाने एक आकडा द्यायचा. असे थर खरोखर असते तर रेघ कशी आली असती, ते कॉम्प्युटर काढतो. मग ती रेघ आणि खरी आलेली रेघ शेजारी ठेवतो. जिथे फरक पडला तिथला अंदाज थोडा वर-खाली करतो आणि पुन्हा रेघ काढतो. दोन्ही रेघा पुरेशा जुळल्या की थांबतो.

स्वयंपाकात आपण मीठ असंच घालतो. चव बघायची, थोडं टाकायचं, परत बघायचं.

दुसरी पद्धत आणखी पुढची. कॉम्प्युटरच्या आत एक खोटं भोक तयार करायचं. एवढ्या रुंदीचं, एवढं पाणी भरलेलं, लोखंडी पाइप घातलेलं, बाजूला अमुक दगड. मग त्या दगडातून लाखो किरण सोडायचे, तेही कॉम्प्युटरच्या आतच. एकेक किरण कुठे जाईल, कशावर आपटेल, कुठे विझेल, हे नशिबाचे आकडे काढून ठरवायचं. मुंबईत गिरणगावात मटक्याचा आकडा निघतो, तसेच हे आकडे निघतात, फक्त यांत हातचलाखी नसते. या पद्धतीला जुगाराच्या एका शहरावरून मॉन्टे कार्लो असंच नाव आहे. १९४६ च्या सुमाराला अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना ती सुचली. लाखो किरणांतले किती सळईपर्यंत पोचले ते मोजलं की कळतं, लोखंडी पाइपने किती खाल्ले, पाण्याने किती खाल्ले, आणि खऱ्या मोजणीत किती भर घालायला हवी.

हे शास्त्र खोटं नाही, ते आम्ही स्पष्ट सांगतो. आमच्या साथींनी ते वर्षानुवर्षं चालताना बघितलं आहे. मुंबईसमोरच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल लागलं, तिथल्या विहिरींतही अशाच सळया उतरतात. नीट केलं तर उत्तर बरोबर येतं. आमचं म्हणणं एवढंच की ते उत्तर काही गोष्टी गृहीत धरून येतं, आणि त्या गोष्टी विचारता येतात.

चूक कुठे शिरते?

एक, भोकाची रुंदी. कुठे भोक ढासळून मोठं झालं आणि कॉम्प्युटरला ते सांगितलं नाही, तर आकडा चुकतो.

दोन, पाणी आणि लोखंडी पाइप. दोन्ही किरण अडवतात. हिशोबात धरले नाहीत तर जमीन आहे त्यापेक्षा गप्प वाटते. आणि कोळसा शोधताना गप्प वाटणं म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तीन, घाई. चमका ठरलेल्या तालावर होत नाहीत, पावसाच्या थेंबांसारख्या कधी जास्त कधी कमी पडतात. सळई भरभर ओढली तर मोजायला चमका कमी मिळतात आणि रेघ थरथरते. दिवसाला जास्त भोकं उरकायची असली की सळई भरभर ओढली जाते.

चार, ओळखीच्या दगडाशी ताडून बघणं. तराजूला जसं खरं वजन लावून तपासतात, तशी सळई माहितीच्या दगडात नेऊन तपासावी लागते. शेवटचं कधी तपासलं ही तारीख कागदावर असायला हवी.

पाच, ही फक्त युरेनियमची गोष्ट. जोरदार गॅमा किरण खुद्द युरेनियमचे नसतात, त्याच्या वंशातल्या नातू-पणतूंचे असतात. हजारो वर्षांत पाण्याने आजोबा वाहून गेले आणि नातवंडं तिथेच राहिली, असं होऊ शकतं. मग घरात गलका आहे म्हणजे घरमालक आहे, असं म्हणून चालत नाही. म्हणून वर काढलेल्या दगडाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून दोन्ही जुळवावं लागतं.

दोन भोकांच्या मधली जमीन

सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, तेव्हा इथे जरा लक्ष द्या.

सळईला फूटभर ऐकू येतं. मग शेजारचं भोक किती लांब? कधी चारशे मीटर, कधी एक किलोमीटर, त्याहूनही जास्त. मधल्या सगळ्या जमिनीबद्दल सळईला काहीही माहीत नाही. तिथे कॉम्प्युटर या भोकातला थर त्या भोकातल्या थराशी जोडतो आणि मध्ये रंग भरतो. आपल्या देशात कोळशाच्या साठ्याचा नियम आहे. भोकापासून २०० मीटरच्या आतला कोळसा 'सिद्ध' म्हणायचा, एक किलोमीटरपर्यंतचा 'सूचित', त्यापुढचा 'अनुमानित'. हा नियम प्रामाणिक आहे, तो स्वतःच सांगतो की आम्हाला किती माहीत आहे.

पण तालुक्याच्या कचेरीत नकाशा येतो तेव्हा हे तीन शब्द गळून पडलेले असतात. एकच रंग, एकच रेघ, आत अमुक गाव, बाहेर तमुक गाव. ज्या टोल्यावर एकही भोक पडलेलं नाही तोही रंगात बुडालेला. आणि आपण विचारलं तर उत्तर येतं, "कॉम्प्युटरने काढलं आहे." साथींनो, कॉम्प्युटर काही काढत नाही. कुणीतरी त्याला सांगतं की इथून तिथपर्यंत जोड. रेघ कुणी ओढली, कशावरून ओढली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

भीती खरी किती, खोटी किती?

मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले, तेव्हापासून गावात अशी गाडी आली की पोरं "अणूवाले आले" म्हणून पळतात असं तुम्ही सांगितलंत. भोकात अणू टाकला, विहिरीचं पाणी नासलं, असंही बोललं जातं. आपण खोट्या गोष्टीवर लढू नये. एकदा खोटे पडलो की खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

नुसती ऐकणारी सळई काही सोडत नाही. तिच्यामुळे पाणी नासत नाही. पण दगडाचं वजन मोजायला दुसरी एक सळई असते. तिच्या टोकाशी सिझियम नावाच्या पदार्थाची बारीकशी कुपी बसवलेली असते. ती किरण बाहेर सोडते आणि परत आलेले मोजते. काम झालं की ती सळईबरोबर वर येते. धोका आहे तो तार तुटली किंवा सळई अडकली तर. तेव्हा ती काढावी लागते, आणि नाहीच निघाली तर भोक सिमेंटने बंद करून त्याची नोंद ठेवावी लागते. सिझियमचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षं लागतात. अशी सळई तुमच्या भागात अडकल्याचं कळलं तर पोरांना तिकडे जाऊ देऊ नका आणि आम्हाला लगेच कळवा. यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे आणि त्याचं कार्यालय इथेच मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. आम्ही स्वतः जाऊन अर्ज देऊ.

आणि रोजचा धोका अगदी साधा आहे. उघडं टाकलेलं भोक. त्यात शेळीचा, वासराचा पाय जातो, पावसाचं घाण पाणी सरळ खालच्या झऱ्यात उतरतं. आमचे साथी सांगतात, बुजवायचं काम शेवटचं, आणि शेवटचंच राहून जातं.

ज्या पठारावर ही पद्धत जन्मली

कोलोरॅडोच्या ज्या पठाराचं नाव वर घेतलं, तिथे नवाहो नावाचे आदिवासी राहतात. युरेनियमच्या खाणीत त्यांतले पुष्कळ कामाला होते. १९५० पासून सरकारी डॉक्टर खाणकामगारांना तपासत होते, पण धोका काय आहे हे त्यांना सांगितलं नाही. पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरने माणसं मेली. १६ जुलै १९७९ ला चर्च रॉक इथे खाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि सुमारे ३५ कोटी लिटर विषारी पाणी त्यांच्या नदीत गेलं. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९९० मध्ये.

म्हणजे अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरात किती युरेनियम आहे याचा हिशोब १९६३ ला तयार होता. ते खणणाऱ्याच्या छातीत काय चाललं आहे याचा हिशोब द्यायला आणखी सत्तावीस वर्षं लागली. आपल्याकडे बिहारमध्ये जादुगुडाला १९५१ मध्ये युरेनियम सापडलं, साठीच्या दशकाच्या शेवटी खाण सुरू झाली. हो आणि संथाळ गावांच्या अंगाला लागून गाळाचे तलाव आहेत. तिथले लोक आज तेच प्रश्न विचारत आहेत.

कायदा काय म्हणतो?

कोळशासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे. कलम ४ खाली सरकार गॅझेटमध्ये जाहीर करतं की या भागात कोळसा शोधायचा आहे. त्यानंतर त्यांना जमिनीत शिरून भोक घेता येतं. कलम ६ खाली त्या कामात झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. नंतर कलम ७ ची नोटीस येते, जमीन घ्यायचा इरादा आहे म्हणून. कलम ८ खाली तीस दिवसांत हरकत घेता येते. तीसच दिवस. गॅझेट तुमच्या गावात येत नाही, पण भोक पाडणारी गाडी येते. तेव्हा गाडी दिसली की कलम ४ झालं असं समजा आणि पुढच्या तीस दिवसांची तयारी त्याच दिवशी सुरू करा.

१९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. पण खनिज शोधण्याच्या परवान्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते ती फक्त गौण खनिजांना. कोळसा आणि युरेनियम त्यात येत नाहीत. म्हणजे भोक पाडताना गावाला विचारायची सक्ती नाही, आणि विचारायची वेळ येते तोवर नकाशा रंगवून झालेला असतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये समता खटल्यात सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रात खासगी कंपन्यांना खाणीचे पट्टे द्यायला मनाई केली. निकाल मोठा आहे, पण त्याने सरकारी कंपनी अडत नाही.

जबरानजोतवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून भरपाई नाकारतात. पण जुन्या काळी तुमच्या वावरात भोक घेताना पीक बुडालं म्हणून कुणाला पैसे मिळाले असतील, पंचनामा झाला असेल, अंगठा घेतला असेल, तर तो कागद शोधा. त्यावर तारीख आहे. ती ३१ मार्च १९७८ च्या आधीची असेल तर जमीन तेव्हा तुम्ही कसत होता याचा तो सरकारी हातचा पुरावा ठरू शकतो. ज्या भोकाने जमीन जायची भीती, त्याच भोकाचा कागद जमीन राखायला कामी येईल.

गावाने काय करायचं?

गावात एक वही घाला. गाडी आली त्याची तारीख, कुणाचं वावर किंवा कोणतं जंगल, भोक किती दिवस चाललं, सळई किती वेळा उतरली, भोक बुजवलं की नाही, हे लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्या. सरकारच्या नकाशाशेजारी ठेवायला गावाचा स्वतःचा नकाशा लागेल. त्यात विहिरी, झरे, देवस्थानं, मोहाची झाडं, निस्ताराच्या वाटा दाखवा.

ग्रामसभेचा ठराव करून कलेक्टरकडे मागा: आमच्या हद्दीत किती भोकं घेतली, कुठे घेतली, सळई शेवटची कधी तपासली, आमचं गाव सिद्ध साठ्यात आहे, सूचित की अनुमानित, मधल्या जागेत रेघ कशावरून जोडली, भोकं बुजवल्याचा दाखला कुठे आहे. ते देणार नाहीत. तरी मागा, पोच घ्या, पोच वहीत चिकटवा. हरकतीच्या दिवशी "आम्ही विचारलं होतं, तुम्ही सांगितलं नाही" हे म्हणायला ती पोच लागते.

शेवटी त्या म्हाताऱ्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. बाई, त्या कागदात तुमच्या वावराखालचे दगड किती बोलतात तेवढंच लिहिलं आहे. वावर तुमचं आहे की नाही, त्यावर किती पिढ्या पोसल्या, खाली कोळसा निघाला तरी वर काय राहावं, यातलं त्यात काहीही नाही. ते सळईला ऐकू येत नाही. ते ग्रामसभेत तुम्हालाच बोलावं लागेल.

आमच्या हिशोबात चूक दिसली तर पुढच्या बैठकीत उभं राहून सांगा. आम्ही वाट बघतो.

जिंदाबाद.